विश्लेषण : लष्करप्रमुखांच्या हाती नेमके किती अधिकार? ‘सरसेनापती’ हे पद का संपले आणि पुढे काय बदलणार?

दरवर्षी १५ जानेवारीला लष्कर दिन साजरा होतो. २०२५ मध्ये या दिनाचे मुख्य संचलन पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपच्या मैदानावर झाले. १९४९ मध्ये याच तारखेला जनरल के. एम. करिअप्पा यांनी ब्रिटिश अधिकाऱ्याकडून भारतीय लष्कराची सूत्रे घेतली. मात्र करिअप्पा ज्या पदावर बसले, ते पद आज अस्तित्वात नाही. ते ‘सरसेनापती’ होते, आज असतात ते ‘लष्करप्रमुख’. हा फरक केवळ शब्दांचा नाही. तिन्ही दलांच्या संयुक्त ‘थिएटर कमांड’ची रचना प्रत्यक्षात आल्यास लष्करप्रमुखपदाचे स्वरूप आणखी एकदा बदलणार आहे. त्यानिमित्ताने या पदाचा इतिहास, अधिकार आणि मर्यादा यांचा आढावा.

ब्रिटिश काळातील सरसेनापती किती शक्तिशाली होता?

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र फौजा होत्या आणि प्रत्येकीचा सेनापती वेगळा होता. १ एप्रिल १८९५ रोजी या फौजा एकत्र करून चार कमांडची एकच भारतीय सेना झाली. तिचा सरसेनापती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य असे आणि मानाने त्याचे स्थान व्हाइसरॉयच्या लगोलग येई.

तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या अधिकारांना एक वेसण होती. कार्यकारी मंडळात ‘लष्करी सदस्य’ म्हणून आणखी एक अधिकारी असे. पुरवठा, वाहतूक आणि लष्करी हिशेब त्याच्याकडे असत. सरसेनापतीचे प्रस्ताव त्याच्या शेऱ्यासह व्हाइसरॉयपुढे जात. १९०२ मध्ये सरसेनापती म्हणून आलेल्या लॉर्ड किचनर यांना हे मान्य नव्हते. आपल्यापेक्षा कनिष्ठ हुद्द्याच्या अधिकाऱ्याने आपल्या प्रस्तावांवर शेरे मारावेत, ही पद्धतच मोडून काढावी असा त्यांचा आग्रह होता. सर्व लष्करी सत्ता एका हाती गेली, तर सरकारला दुसरे मत ऐकायलाच मिळणार नाही, असे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे म्हणणे होते. लंडनने किचनर यांच्या बाजूने झुकता कौल दिला आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. पुढच्या चार वर्षांत दुसरे पद पूर्णपणे संपले.

एकवटलेल्या सत्तेची किंमत कोणी मोजली?

या व्यवस्थेची परीक्षा पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली. तेथे पाठवलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. बगदादच्या दिशेने फार पुढे गेलेल्या या फौजेला माघार घ्यावी लागली आणि कुत-अल-अमारा येथे तिला तुर्की सैन्याने वेढले. नदीवरील बोटी, औषधे, रुग्णवाहक साधने या सगळ्यांचाच तुटवडा होता. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांतील हजारो जण कैदेत मरण पावले.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९१७ मध्ये या अपयशाबद्दल भारतातील लष्करी प्रशासनावर कठोर ताशेरे ओढले. युद्ध चालवणे आणि लष्करी खाते चालवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या खांद्यावर टाकण्याची पद्धत आयोगाने सदोष ठरवली. लष्कराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने एकाच वेळी सैन्याचा सेनानी, मुख्यालयाचा प्रशासक आणि सरकारचा सल्लागार असावे का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

सत्ता नागरी हाती कधी आली?

दुसऱ्या महायुद्धापर्यंत सरसेनापती हाच व्यवहारात देशाचा संरक्षणमंत्रीही होता. हे चित्र बदलले ते स्वातंत्र्यापूर्वीच. २ सप्टेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आले आणि संरक्षण खाते सरदार बलदेव सिंग यांच्याकडे गेले. फिल्ड मार्शल क्लॉड ऑकिनलेक सरसेनापती राहिले, पण खाते त्यांच्या हातातून गेले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दुसरा बदल झाला. तोवर भूदल, नौदल आणि हवाई दल अशी तिन्ही दले एकाच सरसेनापतीच्या हाताखाली होती. स्वतंत्र भारतात तिन्ही दलांना वेगवेगळे प्रमुख मिळाले आणि ते एका पातळीवर आले. भूदलाचे पहिले सरसेनापती जनरल रॉब लॉकहार्ट झाले. १ जानेवारी १९४८ रोजी त्यांच्या जागी जनरल रॉय बुचर आले. म्हणजे काश्मीरमधील पहिल्या युद्धाच्या बहुतांश काळात भारतीय लष्कराच्या शिरोभागी ब्रिटिश अधिकारी होते आणि पाकिस्तानच्या लष्कराचे प्रमुखही ब्रिटिशच होते.

तिसरा बदल वास्तूचा होता. दिल्लीत सरसेनापतीसाठी १९३० मध्ये बांधलेले प्रशस्त ‘फ्लॅगस्टाफ हाउस’ पुढे पंतप्रधान नेहरूंचे निवासस्थान झाले. तेच आजचे तीन मूर्ती भवन. नव्या राज्यात सत्तेचे केंद्र कोठे आहे, हे त्यातून सर्वांनाच दिसले.

‘सरसेनापती’चे ‘लष्करप्रमुख’ कसे झाले?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. राष्ट्रपती सर्वोच्च सेनापती असताना त्यांच्या खाली आणखी तीन ‘सेनापती’ असणे विसंगत होते. त्यामुळे १ एप्रिल १९५५ पासून तिन्ही दलांच्या प्रमुखांचे ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनाम रद्द झाले. भूदलासाठी ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’ हे नाव आले. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदाही केला. जनरल राजेंद्रसिंहजी हे शेवटचे सरसेनापती आणि पहिले लष्करप्रमुख. त्यांच्यानंतर कोल्हापुरात जन्मलेले जनरल एस. एम. श्रीनागेश हे या पदावर आले.

‘स्टाफप्रमुख’ या शब्दाचा लष्करी अर्थ वेगळा आहे. स्टाफ म्हणजे सेनानीला योजना, पुरवठा, माहिती यांत मदत करणारे अधिकारी. स्टाफप्रमुख स्वतः फौजेचा सेनानी नसतो. ब्रिटनने १९०४ मध्ये सरसेनापतीपद रद्द केले, तेव्हा मंत्री, नागरी अधिकारी आणि सेनानी यांचे एकत्रित मंडळ तयार केले आणि लष्कराची सूत्रे त्या मंडळाकडे दिली. भारतातही अशी मंडळे व्हावीत अशी कल्पना मांडली गेली होती, पण ती अमलात आली नाही. परिणामी नाव बदलले, काम मात्र बरेचसे तेच राहिले. लष्करप्रमुख सरकारचा सल्लागारही राहिला आणि संपूर्ण फौजेचा सेनानीही.

पाकिस्तानमध्ये हा बदल १९७२ मध्ये झाला. त्याआधी १९५८ मध्ये तेथे सरसेनापती अयुब खान यांनी सत्ता घेतली होती. पदनाम बदलल्यानंतरही १९७७ मध्ये झिया उल हक आणि १९९९ मध्ये परवेझ मुशर्रफ या लष्करप्रमुखांनी सत्ता काबीज केली. केवळ पदनाम बदलल्याने लष्कर नागरी नियंत्रणात राहत नाही, हे यातून दिसते. निवडणुका, संसद, अर्थसंकल्प आणि राजकीय पक्ष यांचे बळ त्यामागे लागते.

लष्करप्रमुखांची निवड कशी होते?

लष्करात जनरल म्हणजे चार तारे असलेला अधिकारी एकच असतो, तो म्हणजे लष्करप्रमुख. उपप्रमुख आणि कमांडचे प्रमुख हे लेफ्टनंट जनरल असतात आणि साधारणपणे त्यांच्यातूनच निवड होते. संरक्षण मंत्रालय ज्येष्ठ अधिकाऱ्यांची माहिती पुढे पाठवते आणि पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती निर्णय घेते. जनरल बिपिन रावत, मनोज नरवणे, मनोज पांडे आणि उपेंद्र द्विवेदी हे चौघेही प्रमुख होण्याआधी उपप्रमुख होते.

कार्यकाळ तीन वर्षांचा किंवा वयाच्या ६२ वर्षांपर्यंतचा, यापैकी जे आधी पूर्ण होईल तो. या नियमामुळे जन्मतारखेला कमालीचे महत्त्व आले आहे. जनरल व्ही. के. सिंग यांचे जन्मवर्ष १९५० की १९५१, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पदावरील लष्करप्रमुखाने सरकारविरुद्ध न्यायालयात जाण्याची ती अभूतपूर्व घटना होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली.

सर्वात ज्येष्ठ अधिकाऱ्याची निवड करावी असा संकेत आहे, कायदा नाही. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून जनरल अरुणकुमार वैद्य यांची नेमणूक झाली आणि सिन्हा यांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी आणि पी. एम. हारिझ या दोन ज्येष्ठांना मागे ठेवून रावत यांची निवड झाली. मुदतवाढीनेही गणित बदलते. जनरल गोपाळ बेवूर यांना १९७० च्या दशकात मुदतवाढ मिळाली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले लेफ्टनंट जनरल प्रेम भगत प्रमुख न होताच निवृत्त झाले. निवडीचा अधिकार सरकारला असावा, यावर फारसा वाद नाही. ज्येष्ठता बाजूला ठेवली, तर निकष कोणता, हा खरा मुद्दा आहे.

प्रत्यक्षात अधिकार कोणते?

सुमारे १२ लाखांच्या फौजेची युद्धसज्जता, प्रशिक्षण, शिस्त, नेमणुका आणि तैनाती यांची जबाबदारी लष्करप्रमुखांवर असते. १९५० च्या लष्कर कायद्याने शिस्तभंगाच्या प्रकरणांत त्यांना व्यापक अधिकार दिले आहेत. फौज सात कमांडमध्ये विभागलेली आहे. उत्तर (उधमपूर), पश्चिम (चंडीमंदिर), नैर्ऋत्य (जयपूर), दक्षिण (पुणे), मध्य (लखनौ) आणि पूर्व (कोलकाता) या सहा कमांड प्रत्यक्ष मोहिमांसाठी आहेत, तर सिमल्याची कमांड प्रशिक्षणासाठी.

प्रत्यक्ष लढाई या कमांडचे प्रमुख लढतात. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती स्वीकारली ती पूर्व कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी. लष्करप्रमुख सॅम माणेकशा तेव्हा दिल्लीत होते. कोणत्या आघाडीवर किती फौज, राखीव दल कधी वापरायचे, सरकारला काय सांगायचे, हे त्यांचे काम होते.

अधिकारांना मर्यादाही आहेत. युद्ध करायचे की नाही, हे सरकार ठरवते. अण्वस्त्रे लष्करप्रमुखांच्या अखत्यारीत नाहीत. त्यासाठी २००३ पासून स्वतंत्र स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड आहे आणि वापराचा निर्णय राजकीय नेतृत्वाचा आहे. मानाच्या क्रमवारीत तिन्ही दलप्रमुख बाराव्या स्थानी आहेत, मंत्रिमंडळ सचिव अकराव्या. १९६१ च्या कामकाज नियमांनी देशाच्या संरक्षणाचा विषय संरक्षण विभागाकडे, म्हणजे प्रशासकीयदृष्ट्या संरक्षण सचिवांकडे सोपवला. लाखोंची फौज सांभाळणाऱ्या प्रमुखांना खरेदीपासून मनुष्यबळापर्यंत अनेक निर्णयांसाठी मंत्रालयाच्या फायलीची वाट पाहावी लागते, ही लष्करातील जुनी तक्रार आहे.

सरकार आणि लष्करप्रमुख यांच्यात खटके कधी उडाले?

सर्वात गाजलेला प्रसंग ऑगस्ट १९५९ च्या अखेरचा. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद झाल्याने जनरल के. एस. थिमय्या यांनी राजीनामा दिला. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बढत्यांतील हस्तक्षेप हे त्यामागील एक कारण होते. नेहरूंनी त्यांची समजूत काढली आणि राजीनामा मागे घेतला गेला. पण बातमी फुटली आणि संसदेत नेहरूंनी नागरी सत्तेच्या श्रेष्ठत्वाची बाजू घेतली. थिमय्या १९६१ पर्यंत पदावर राहिले, पण त्यांच्या शब्दाचे वजन कमी झाले होते.

त्याची किंमत पुढच्याच वर्षी दिसली. १९६२ च्या चीन युद्धात कोणती चौकी कोठे उभारायची, इथपर्यंतचे निर्णय दिल्लीतून होत होते आणि लष्करप्रमुख जनरल प्राणनाथ थापर यांना त्यांना ठाम विरोध करता आला नाही. सेला आणि बोमडिला पडल्यावर थापर यांनी पद सोडले. मेनन त्याआधीच गेले होते.

मेनन यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीत आले. मोहिमा कशा लढवायच्या हे सेनानींनी ठरवावे आणि उद्दिष्ट सरकारने ठरवावे, अशी कामाची विभागणी त्यांच्या काळात रुळली. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडण्याचा निर्णय पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारचा होता. तो अमलात आणण्याचे काम जनरल जे. एन. चौधरी यांच्यावर सोपवले गेले.

१९७१ मध्ये हीच विभागणी अधिक यशस्वी ठरली. एप्रिलमध्ये लगेच कारवाईस आपण नकार दिला आणि पावसाळा संपेपर्यंत वेळ मागितला, असे माणेकशा यांनी पुढे अनेकदा सांगितले. सरकारच त्या वेळी तातडीच्या युद्धाच्या विचारात नव्हते, असे काही इतिहासकारांचे मत आहे. दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या तरी तयारीसाठी आठ महिने मिळाले, हे निर्विवाद आहे. जानेवारी १९७३ मध्ये माणेकशा स्वतंत्र भारताचे पहिले फिल्ड मार्शल झाले. करिअप्पा यांना हा सन्मान १९८६ मध्ये मिळाला. तो केवळ या दोघांनाच मिळाला आहे.

या पदाची आणि महाराष्ट्राची नाळ किती घट्ट?

अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य हे रणगाडा दलाचे अधिकारी होते. १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत त्यांना महावीरचक्र मिळाले. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातील ‘ब्लू स्टार’ कारवाई झाली, तेव्हा ते लष्करप्रमुख होते. निर्णय सरकारचा होता, पण त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहत असताना १० ऑगस्ट १९८६ रोजी खलिस्तानी दहशतवाद्यांनी त्यांची गोळ्या घालून हत्या केली.

पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांनी ३१ डिसेंबर २०१९ रोजी सूत्रे घेतली आणि काही महिन्यांतच पूर्व लडाखमध्ये चीनशी संघर्ष उभा राहिला. गलवानमध्ये जून २०२० मध्ये २० भारतीय जवान शहीद झाले. नरवणे यांच्यानंतर ३० एप्रिल २०२२ रोजी नागपूरचे जनरल मनोज पांडे आले. अभियंता दलातून, म्हणजे कोअर ऑफ इंजिनीअर्समधून, या पदावर पोहोचलेले ते पहिले अधिकारी. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना एक महिन्याची मुदतवाढ मिळाली आणि ३० जून २०२४ रोजी जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पदभार स्वीकारला.

संरक्षण दलप्रमुखांमुळे काय बदलले?

कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुन्या दुखण्यावर बोट ठेवले. दलप्रमुख दैनंदिन मोहिमांत गुंतलेले असतात, त्यामुळे दूरचा विचार आणि तिन्ही दलांचे एकत्रित नियोजन मागे पडते, असे तिचे निरीक्षण होते. २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षण दलप्रमुख नेमण्याची शिफारस केली. ती अमलात यायला दोन दशके लागली. १ जानेवारी २०२० रोजी जनरल रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. त्यांच्या अखत्यारीत संरक्षण मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग सुरू झाला आणि पूर्वी नागरी अधिकाऱ्यांकडे असलेले अनेक विषय गणवेशातील अधिकाऱ्यांकडे आले. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात रावत यांचे निधन झाले. पद जवळपास दहा महिने रिकामे राहिले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जनरल अनिल चौहान यांची नियुक्ती झाली.

संरक्षण दलप्रमुख म्हणजे जुना सरसेनापती परत आला, असे मात्र नाही. तिन्ही दलप्रमुखांसह कोणावरही लष्करी आदेश गाजवण्याचा अधिकार त्यांना नाही. ते समकक्षांतील पहिले आणि संरक्षणमंत्र्यांचे तिन्ही दलांविषयीचे प्रमुख सल्लागार आहेत.

थिएटर कमांड आल्यास लष्करप्रमुखांकडे काय उरेल?

थिएटर कमांड म्हणजे एका आघाडीवरील भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या तुकड्या एकाच सेनानीच्या हाताखाली आणणे. आज भूदल आणि हवाई दल यांच्या कमांडची मुख्यालये आणि हद्दी वेगवेगळ्या आहेत. थिएटरची रचना आल्यास युद्ध थिएटरचा सेनानी लढेल. लष्करप्रमुखांकडे सैनिकांची भरती, प्रशिक्षण, शस्त्रसज्जता आणि पुरवठा हे काम राहील. अमेरिकेत ही पद्धत आहे. तेथील लष्करप्रमुख युद्धभूमीवरील फौजेला आदेश देत नाहीत. आदेश अध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांमार्फत थेट संयुक्त कमांडच्या सेनानींना जातात.

भारतात त्याची कायदेशीर पायाभरणी झाली आहे. एका दलाच्या अधिकाऱ्याला आपल्या हाताखालील दुसऱ्या दलाच्या जवानांवर शिस्तभंगाची कारवाई करता यावी, यासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि मे २०२४ पासून तो लागू झाला. मतभेद मात्र आहेत. मर्यादित संख्येतील लढाऊ विमाने वेगवेगळ्या थिएटरमध्ये वाटून टाकल्यास त्यांची ताकद विखुरली जाईल, असा हवाई दलातील सूर राहिला आहे. थिएटरच्या सेनानीने संरक्षण दलप्रमुखांना उत्तर द्यायचे की थेट संरक्षणमंत्र्यांना, हा प्रश्नही तितकाच कळीचा आहे. सर्व सेनानी एकाच लष्करी अधिकाऱ्याला उत्तरदायी झाले, तर १९४७ मध्ये वाटून टाकलेली सत्ता पुन्हा एका हाती येईल. ते थेट मंत्र्यांना उत्तरदायी झाले, तर युद्धकाळात लष्करी बारकावे समजून घेऊन झटपट निर्णय करण्याची यंत्रणा मंत्रालयाला उभी करावी लागेल.

या रचनेत लष्करप्रमुखपदाचे नाव १९५५ पासून आहे तेच राहील आणि काम प्रथमच त्या नावाशी जुळेल. सीमेवरच्या जवानाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की त्याला लढण्याचा आदेश देणारा आणि त्याच्यापर्यंत दारूगोळा, औषधे, हिवाळी कपडे पोहोचवणारा हे दोन वेगळे अधिकारी झाले, तरी त्यांच्यात ताळमेळ हवा. मेसोपोटेमियात दोन्ही कामे एकाच हाती होती आणि पुरवठा कोलमडला. कामे दोन हातांत देताना जबाबदारी कोणाची, हे आधीच लेखी ठरवावे लागेल.